बुधवार, रात्री आठ आणि अण्णांचा कान

आमच्याकडे बुधवारी जेवणं साडेसातच्या आत उरकलेली असायची. बाकीचे सहा दिवस "जेवायला या रे" म्हणून हाका मारून आईचा घसा कोरडा पडायचा, पण बुधवारी ताई स्वतःहून पाट मांडायची, पाणी घ्यायची, माझ्या पानातली भाजी संपत नसली तर गपचूप स्वतःच्या पानात ओढून घ्यायची, कारण आठला पाच कमी असताना रेडिओ लागलाच पाहिजे आणि व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणजे बटण दाबलं की गाणं असला प्रकार नव्हता. तो आधी तापायचा, मग घूं करायचा, मग कुठूनतरी लांबून कुणीतरी अगम्य भाषेत तावातावाने बोलायचं, मग शिट्टी, मग नुसती खरखर, आणि त्या खरखरीच्या पलीकडे कुठेतरी लंकेतलं रेडिओ सिलोन आणि त्याच्यावरची बिनाका गीतमाला.

मिरजेची गोष्ट. साल १९७३ ते ७८ च्या आसपासचं. रेडिओ मर्फीचा, फळीवर, वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल, आणि माळ्याखालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली, जिच्यावर चिमण्या बसायच्या आणि ताई त्यांना हाकलायची कारण चिमणी बसली की स्टेशन हलतं असा तिचा पक्का समज होता.

अण्णा रेल्वेत, जंक्शनला, बुकिंगच्या खिडकीत. पण तिकिटं फाडणं ही पोटापाण्याची सोय, माणूस खरा गाण्यातला. आणि मिरज म्हणजे काय हे मी मिरजेबाहेरच्या माणसाला कसं सांगू, तिथे एका अख्ख्या गल्लीत तंबोऱ्या-सतारीचे भोपळे उन्हात वाळत पडलेले असतात, शाळेत जाताना आम्ही तारा जुळवतानाचे टणत्कार ऐकत जायचो, आणि दर्ग्याच्या उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने रात्ररात्र गाणं चालतं. अशा गावात वाढलेल्या माणसाचं सिनेमातल्या गाण्यांबद्दल जे मत असणार तेच अण्णांचं होतं. ते एका शब्दात सांगायचे. "ठणठण."

म्हणजे घरात दोन पार्ट्या. एकीकडे ताई, मी आणि उघड न बोलणारी आई. दुसरीकडे अण्णा एकटे, पण रेडिओचं लायसन त्यांच्या नावावर. (हो, पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन काढायला लागायचं, पैसे भरून. आजच्या पोरांना सांगितलं तर मी फेकतोय असं वाटतं त्यांना.)

आता गंमत ऐका. सिलोन यायचं शॉर्टवेव्हवर, २५ किंवा ४१ मीटरला. शॉर्टवेव्हच्या लहरी वर आकाशात जाऊन तिथल्या थरावर आपटून खाली येतात, म्हणून तर कोलंबोतून निघालेलं गाणं मिरजेत पोचायचं, नाहीतर इथलं साधं मीडियम वेव्हचं स्टेशन दोन जिल्हे ओलांडताना धापा टाकतं. पण आपटून येणारी गोष्ट ती, धड एका जागी थांबत नाही. आवाज लाटेसारखा वर यायचा, खाली जायचा, ऐन अंतऱ्यात गायब व्हायचा. त्यात आमचा मर्फी तापेल तसा जागा सोडायचा, काटा तिथेच पण स्टेशन केसभर सरकलेलं. ताई लगेच बटण पिळायला जायची आणि भलतीकडेच पोचायची. दोन-तीन वेळा असं झालं की आतल्या खोलीतून, पेपर खाली ठेवल्याचा आवाज. मग अण्णा यायचे. चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा. "अरे ऐकायचंच आहे तर निदान सुरात तरी लावा," असं म्हणून दोन बोटांनी ती चकती धरायचे आणि डोळे मिटून अगदी रेसभर, तंबोऱ्याचा मणी सरकवावा तशी, फिरवायचे. खरखर बाजूला व्हायची आणि त्या भोकातून स्वच्छ आवाज यायचा, "बहनों और भाइयों..."

झालं की अण्णा परत आत. पाच मिनिटांनी पुन्हा सरकलं की पुन्हा बाहेर. असं तासाभरात चार-पाच वेळा. गाण्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, पण बेसूर स्टेशन त्यांना सहनच व्हायचं नाही. बिनाका गीतमाला आमच्या घरी इतकी वर्षं जी स्पष्ट ऐकू आली ती तिच्या एकमेव विरोधकामुळे.

लंकेतून हिंदी गाणी येतात यात मला लहानपणी काहीच विचित्र वाटायचं नाही. मारुती नव्हता का गेला. ते विचित्र आहे हे फार नंतर, कॉलेजात असताना लक्षात आलं, की बाबा रे, गाणी मुंबईची, श्रोते भारतातले, जिच्या नावाने कार्यक्रम ती बिनाका टूथपेस्ट आपल्या दुकानात मिळणारी, मग हे सगळं कोलंबोमार्गे कशाला? आणि त्याचं उत्तर शोधत गेलो तर मध्ये भेटला एक मराठी माणूस.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. जन्म पुण्याचा, १९०३ चा. पॅरिसला जाऊन डॉक्टरेट केलेली, शास्त्रीय संगीताचं मनापासून वेड. १९५२ साली नेहरूंनी त्यांना माहिती आणि नभोवाणी मंत्री केलं आणि पुढची दहा वर्षं देशाचा रेडिओ त्यांच्या हातात होता. केसकरांचं म्हणणं साधं होतं: स्वतंत्र झालेल्या देशाच्या कानावर चांगलं संगीत पडलं पाहिजे, आणि सिनेमाचं संगीत हे त्यात बसत नाही, त्यात पाश्चात्त्य भेसळ आहे, शब्द सवंग आहेत. मग गाण्यांची छाननी सुरू झाली, त्यांचा वेळ कापला गेला, आणि वर आणखी एक नियम, गाणं वाजवताना सिनेमाचं नाव सांगायचं नाही कारण ती फुकटची जाहिरात होते, फक्त गायकाचं नाव घ्यायचं. निर्माते भडकले आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. दोन-चार महिन्यांत आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसं झालं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खो खो हसलो. हे तर आमचे अण्णा! फक्त आमच्या अण्णांकडे एक मर्फी होता आणि यांच्याकडे सगळा देश.

लोकांनी काय केलं, तर काटा फिरवला, दुसरं काय. तिकडे कोलंबोत दुसऱ्या महायुद्धातला एक दणदणीत ट्रान्समीटर होता, या भागातल्या दोस्त सैन्याच्या करमणुकीसाठी बसवलेला, युद्ध संपल्यावर तो सिलोनच्या रेडिओकडे आला. त्यांनी जाहिराती घ्यायला सुरुवात केली, ज्या आकाशवाणी घेत नव्हती. गाणी आपल्या सरकारला नकोत, जाहिराती नकोत, आणि लोकांना तर गाणी हवीत. दुकान टाकायला याच्यापेक्षा चांगली जागा मिळणार नव्हती.

३ डिसेंबर १९५२, बुधवार, गीतमाला सुरू झाली. आणि आत्ता आपण तिला मोठं पर्व वगैरे म्हणतो पण सुरुवात बघितली तर अगदी फुटकळ. इंग्रजी गाण्यांचा हिट परेड तिकडे जोरात होता, तसंच काहीतरी हिंदीत करावं असं ठरलं, पण आठवड्याला २५ रुपये मिळणार आणि त्यात लिहायचं पण, बोलायचं पण, वर आलेली पत्रं पण तपासायची. अनुभवी मंडळींनी नाक मुरडलं. मग ते काम गेलं विशीतल्या अमीन सयानीकडे, मोठा भाऊ हमीद आधीच या धंद्यात होता. पहिल्या पहिल्यांदा ती क्रमवारी नव्हतीच, सात गाणी उलटसुलट वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा बरोबर क्रम लावून कळवायचा, बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली. थोड्याच काळात हा आकडा आठवड्याला ६५,००० वर गेला. पासष्ट हजार पत्रं, एका माणसाने तपासायची, पंचवीस रुपयांत! शेवटी कंटाळून म्हणा किंवा शहाणपणाने म्हणा, ती स्पर्धा बंद करून १९५४ च्या अखेरीपासून थेट लोकप्रियतेची क्रमवारी सुरू झाली.

आणि हे सगळं रेकॉर्ड कुठे व्हायचं, तर मुंबईत! टेप विमानाने कोलंबोला जायची. म्हणजे दादर-ताडदेवला बनलेलं गाणं, मुंबईतच बसून निवेदन केलेलं, विमानात बसून समुद्रापार जायचं, तिथून आकाशावर आपटून मिरजेत उतरायचं. मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी मिरज येतं, तिकीट अण्णाच देतील.

सयानींच्या आवाजाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी काय वेगळं सांगणार. पण त्यांच्या भाषेबद्दल एक सांगावंसं वाटतं. आमची आई मराठी चौथी. हिंदी तिला कळायची ती गीतमालेचीच, बातम्यांची कळायची नाही. 'प्रसारण', 'तत्पश्चात' असलं काही आलं की ती उठून भांडी घासायला जायची. त्यामागेही एक कथा आहे. सयानींच्या आई कुलसुम सयानी प्रौढशिक्षणाचं काम करायच्या, गांधीजींच्या सांगण्यावरून त्या 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवायच्या, नवसाक्षरांसाठी, सोप्या हिंदुस्थानीत, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत. मुलगा त्या कामात हाताखाली. म्हणजे टूथपेस्टच्या जाहिरातीत देशभर जी बोली गाजली ती मुळात नुकत्याच अक्षरं शिकलेल्या बायाबापड्यांसाठी घासूनपुसून तयार झालेली. आमच्या आईला ती कळली यात नवल नाही, ती तिच्यासाठीच होती की.

तर ताईची वही. दोनशे पानी, आडव्या रेघांची, वर खाकी कव्हर. डाव्या हाताला पायदान नंबर, मग गाणं, सिनेमा, गायक, आणि शेवटच्या रकान्यात बाण. वर चढलं की वर बाण, घसरलं की खाली, आणि नवीन आलं की चांदणी. गीतमालेत 'पायदान' म्हणायचे, पायरी, एक नंबरला 'चोटी का गीत', आणि वर्षाच्या शेवटच्या कार्यक्रमात वर्षभराची बेरीज होऊन ते 'सरताज गीत', त्याच्या आधी बिगुल. तो बिगुल वाजताना ताईची पेन्सिल थांबायची. १९७४ च्या सरताज गीताला, 'मेरा जीवन कोरा कागज', आई पदर डोळ्याला लावून बसली होती आणि त्या वेळी शेजारच्या खोलीतल्या बिऱ्हाडकरूंनी वरचढ आवाजात "एकच नंबर!" अशी आरोळी ठोकली, हे मला काल झाल्यासारखं आठवतंय. भिंती पातळ होत्या आणि सगळ्या वाड्यात एकच कार्यक्रम चालू.

कारण खरी मजा गाण्यात नव्हतीच, गाणी काय, सात दिवस कुठे ना कुठे ऐकू यायचीच. मजा नंबरात होती. गेल्या आठवड्यात चौथं होतं, आता कुठे? गुरुवारी सकाळी नळावर हीच चर्चा. आपलं गाणं दोन पायऱ्या उतरलं तर ताई अक्षरशः दुखवटा पाळायची. हे नंबर ठरायचे कसे तर दुकानांतून रेकॉर्ड किती खपल्या यावर, आणि त्यात कुणी गोलमाल करू नये म्हणून जोडीला गावोगावचे श्रोता संघ, त्यांची मतं. आमच्या मिरजेत ताईला असा संघ काढायचा होता, मेंबर झाले चार, त्यातले दोन आम्हीच.

या वहीत समासात आणखी एक गोष्ट आहे. अण्णा मधूनमधून काटा सारखा करायला बाहेर यायचे ना, तेव्हा जाता जाता शेरा मारायचे, आणि ताई मुद्दाम तो टिपून ठेवायची. "अण्णा: पहाडी आहे, पण पायात घुंगरू बांधलेला." "अण्णा: भैरवीची भजी." "अण्णा: हे कुणी केलं? (मदन मोहन सांगितल्यावर काही बोलले नाहीत)." एका ठिकाणी नुसतं "अण्णा थांबले" असं लिहिलंय, त्यापुढे गाणं आहे लताचं, आणि पूर्ण अंतरा होईपर्यंत ते बटणाला हात लावून उभे होते हे मलाही आठवतं. स्टेशन तेव्हा सरकलेलं नव्हतं.

केसकरांकडे परत येतो, कारण त्यांना नुसतं हसून सोडणं बरोबर नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली त्यांच्याच काळात सुरू झाला, दोन वर्षांनी आकाशवाणी संगीत संमेलन. संस्थानं बुडाल्यावर आश्रय गेलेल्या कितीतरी गवयांची चूल आकाशवाणीच्या पगारावर पेटली. आणि सिनेमाच्या गाण्यांची जागा भरायला आकाशवाणीने स्वतःची गाणी करायला घेतली, कवींकडून लिहून घ्यायची, चाली लावून घ्यायच्या, सुगम संगीत. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. दीड वर्षात, १ एप्रिल १९५५ ला रामनवमीच्या दिवशी, त्याच केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडक्यांचं गीतरामायण सुरू झालं, कल्पना तिथल्या सीताकांत लाड यांची. आठवड्याला एक गाणं, त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ५२ ची ५६ झाली. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायचे.

आता या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून बघतो तेव्हा मला फार मौज वाटते. एकाच माणसाच्या कारकिर्दीत, एकाच रिकाम्या जागेत दोन झाडं उगवली, एक पुण्यात आणि एक कोलंबोत. दोन्हीकडे तेच, आठवड्याचा ठरलेला वार, वहीपेन्सिल घेऊन बसलेली माणसं, आणि पुढचं गाणं कुठलं ही उत्सुकता. अण्णा १९५५ साली सांगलीला एका हॉटेलाच्या बाहेर फुटपाथवर उभं राहून गीतरामायणाची गाणी लिहून घ्यायचे, त्यांचीही वही होती! हे ताईने एकदा भर जेवणात त्यांच्या तोंडावर म्हटलं, "तुमची ती वही आणि माझी ही ठणठण काय हो अण्णा?" अण्णांनी आमटी वाढून घेतली.

बाय द वे, आकाशवाणीचा सोवळेपणा केसकरांपासून सुरू झाला असंही नाही. हार्मोनियमवर तर १९४० सालापासून बंदी होती, इंग्रजांच्या अमलात घातलेली, कारण काय तर पेटीतून दोन सुरांमधल्या बारीक श्रुती निघत नाहीत, सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड निघत नाही. स्वातंत्र्य आलं, इंग्रज गेले, बंदी राहिली, तीसेक वर्षं. ज्या महाराष्ट्रात पेटीशिवाय नाटकाचा पडदा वर जात नाही तिथे! या बाबतीत मात्र अण्णा कडाडून सरकारविरोधी होते, कारण ते स्वतः पेटी वाजवायचे.

सरकारलाही शेवटी उमजलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, केसकर मंत्री असतानाच. म्हणजे पाच वर्षांत त्यांना स्वतःच्याच घरात ठणठण लावून द्यावी लागली. तरी सिलोनची सवय काही लगेच सुटली नाही. सकाळी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम, आणि त्यात आठच्या ठोक्याआधी शेवटचं गाणं सैगलचं. सैगल लागला की आई माझ्या हातात दप्तर द्यायची. पुढे त्या देशाने नाव बदलून श्रीलंका केलं, आम्ही कुणी बदललं नाही, "सिलोन लाव" तसंच राहिलं.

गीतमाला पुढे सिबाका झाली, १९८९ ला विविध भारतीवर आली, १९९४ पर्यंत चालली. ही शेवटची वर्षं मी ऐकलेली नाहीत, खोटं कशाला बोलू. तोवर घरात टेपरेकॉर्डर आला होता, हवं ते गाणं हवं तेव्हा, मग बुधवारची वाट कोण बघणार. मर्फी माळ्यावर गेला आणि अण्णा आकाशवाणीचं रात्रीचं शास्त्रीय गाणं माझ्या ट्रान्झिस्टरवर ऐकायला लागले. त्याला ट्यूनिंगची कटकट नव्हती, तरी ते दर दहा मिनिटांनी उगाच बटण हलवून बघायचे.

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेले, ९१ वर्षांचे होऊन. मंगळवार होता. मी ताईला इंदूरला लगेच फोन केला नाही, दुसऱ्या दिवशी रात्री आठला केला. तिने उचलून हॅलो न म्हणता "तापायला लावलाय का?" असं विचारलं. मग बराच वेळ आम्ही तेच ते बोललो, जाळी, चिमण्या, बिगुल. बोलता बोलता मी म्हटलं, पंच्याहत्तरचं सरताज गीत म्हणजे 'महंगाई मार गई', आणीबाणीच्या वर्षी, केवढी कमाल.

"काहीतरीच. पंच्याहत्तरला 'कभी कभी'."

"ते शहात्तरला गं."

"वही कुणाकडे आहे?"

वही माझ्याकडेच. उठून कपाटातून काढली, फोन कानाला तसाच. पंच्याहत्तरचं शेवटचं पान कसरीने असं खाल्लंय की पायदान नंबर आहेत, बाण आहेत, आणि मधली गाणीच नाहीत. समासात तेवढं वाचता येतं, "अण्णा: हे बरं आहे, निदान खरं तरी आहे."

"बघ," मी म्हटलं, "हे महंगाईलाच म्हणाले असणार ते. आणि नेटवर पण तसंच आहे."

"नेटवाले काय आपल्याकडे होते बुधवारी?" ताई म्हणाली.